औरंगाबादची मयूरी कांगो : हिंदी सिनेमातली हिरोईन ते गुगलमधली अधिकारी, हा प्रवास नेमका झाला कसा?

दर दोन-चार महिन्यांनी इन्स्टाग्रामवर एक रील फिरतं. मागे 'घर से निकलते ही' हे गाणं, समोर जुगल हंसराज आणि एक हसरी मुलगी, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'ही फ्लॉप हिरोईन आज गुगल इंडियाची बॉस आहे!'

मग खाली कमेंट्स सुरू होतात. कुणी म्हणतं, "लहानपणी हे गाणं किती ऐकलंय!" कुणी म्हणतं, "खरंच? गुगलची बॉस?" आणि हमखास एक तरी कमेंट असते, "अरे, ही तर आपल्या औरंगाबादची!"

त्यातली शेवटची कमेंट शंभर टक्के खरी आहे. मयूरी कांगो आपल्या शहराची. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. बाकी रीलमध्ये जे सांगितलं जातं त्यात थोडं खरं, थोडं फुगवलेलं आणि बरंचसं गाळलेलं असतं. जे गाळलेलं असतं, तेच खरं तर जास्त कामाचं आहे. म्हणून हा सगळा प्रवास पहिल्यापासून बघू.

घर कॉम्रेडचं, वेड नाटकाचं

मयूरीचे वडील म्हणजे कॉम्रेड भालचंद्र कांगो. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे ज्येष्ठ नेते. मराठवाड्यातल्या चळवळींशी ज्यांचा थोडाफार संबंध आलाय, त्यांना हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. आई सुजाता कांगो या रंगभूमीवरच्या अभिनेत्री. म्हणजे एकीकडे मोर्चे, सभा, पुस्तकं आणि दुसरीकडे तालमी, असं हे घर.

आता तुम्ही म्हणाल, औरंगाबादसारख्या शहरातून नव्वदच्या दशकात एखादी मुलगी थेट हिंदी सिनेमात जाते म्हणजे जरा आश्चर्यच. पण या शहराचं नाटकाशी नातं जुनं आहे. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था इथलीच. ही मंडळी पुढे मुंबईला गेली आणि १९९१ मध्ये 'चारचौघी' हे नाटक घेऊन त्यांनी मराठी रंगभूमी ढवळून काढली. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातूनही कलाकार घडत होते. त्यामुळे 'अभिनय करणं' ही गोष्ट इथल्या काही घरांमध्ये तरी परकी नव्हती. कांगोंचं घर त्यातलंच एक.

शाळा सेंट फ्रान्सिस, कॉलेज देवगिरी. म्हणजे इथल्या हजारो मुलामुलींचा जो रस्ता असतो, तोच.

बारावीची परीक्षा आणि 'नसीम'

त्याचं झालं असं की, मयूरी आईला भेटायला मुंबईला गेली होती. तिथे दिग्दर्शक सईद अख्तर मिर्झा यांनी तिला एका सिनेमासाठी विचारलं. 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है', 'सलीम लंगडे पे मत रो' असे सिनेमे करणारा हा दिग्दर्शक. दुसरं कुणी असतं तर उडी मारून हो म्हणालं असतं. मयूरीने आधी नाही म्हटलं, कारण काय तर बारावीची परीक्षा!

नंतर मात्र ती तयार झाली आणि १९९५ मध्ये 'नसीम' आला.

हा सिनेमा आजही बघण्यासारखा आहे. काळ १९९२ चा, जून ते डिसेंबर. मुंबईतलं एक मध्यमवर्गीय मुस्लिम कुटुंब. शाळेत जाणारी नसीम आणि अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा. बाहेर वातावरण तापत चाललंय आणि आजोबा नातीला जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगतायत. आजोबांच्या भूमिकेत होते प्रत्यक्ष कैफी आझमी. ६ डिसेंबरला, बाबरी मशीद पाडली जाते त्याच दिवशी, आजोबांचं निधन होतं आणि सिनेमा संपतो. सुरेखा सिक्री, कुलभूषण खरबंदा, तेव्हा अगदी नवखा असलेला के के मेनन असे सगळे एकापेक्षा एक कलाकार त्यात होते. या सिनेमासाठी सईद मिर्झांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथेचा पुरस्कारही 'नसीम'लाच.

पहिल्याच सिनेमात कैफी आझमींसमोर उभं राहायचं आणि नावही स्वतःच्याच पात्राचं असायचं, अशी सुरुवात फार कमी जणींना मिळते. रीलमध्ये 'फ्लॉप हिरोईन' लिहिताना 'नसीम' बहुतेक वेळा गाळला जातो.

गाणं चाललं, सिनेमा नाही

'नसीम'मधलं काम बघून महेश भट्ट यांनी तिला घेतलं आणि १९९६ मध्ये 'पापा कहते है' आला. समोर जुगल हंसराज. वडिलांना शोधत सेशेल्स बेटांवर पोहोचलेल्या मुलीची ही गोष्ट. संगीत राजेश रोशन यांचं, 'घर से निकलते ही' लिहिलं जावेद अख्तर यांनी आणि गायलं उदित नारायण यांनी.

सिनेमा चालला नाही. गाणं मात्र इतकं चाललं की २०१८ मध्ये अमाल मलिक आणि अरमान मलिक या भावांनी त्याचं नवं रूप आणलं, तेही पोरांनी डोक्यावर घेतलं. सिनेमा विसरला गेला आणि गाणं उरलं, असं आपल्याकडे पुष्कळदा होतं. पण त्यात एक अडचण असते. गाणं हिट झालं की गायक, संगीतकार, गीतकार सगळ्यांना त्याचा फायदा होतो. हिरोईनला पुढचं काम मिळतं ते सिनेमाच्या गल्ल्यावर.

आणि तो काळही बघा. माधुरी, जुही, मनीषा, करिश्मा, काजोल या जोरात होत्या. १९९७-९८ मध्ये राणी मुखर्जी, ऐश्वर्या राय, प्रीती झिंटा आल्या. या गर्दीत 'बेताबी' (१९९७) आणि 'होगी प्यार की जीत' (१९९९) हे मयूरीचे सिनेमे आले. 'होगी प्यार की जीत'मध्ये अजय देवगण आणि अर्शद वारसी होते. २००० मध्ये बॉबी देओलच्या 'बादल'मध्ये ती छोट्या भूमिकेत दिसली. त्याच वर्षी तेलुगूत महेश बाबूसोबत 'वामसी' केला. (हा तोच सिनेमा, ज्याची हिरोईन नम्रता शिरोडकर होती आणि पुढे महेश बाबू-नम्रताचं लग्न झालं.)

पाच वर्षांत मुख्य हिरोईनवरून छोट्या भूमिकेपर्यंत. याचा अर्थ ज्याला कळायचा त्याला कळतो.

टीव्ही आणि २००३ चं वळण

२००० च्या जुलैमध्ये 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' एकाच दिवशी सुरू झाले आणि टीव्हीचं सगळं गणितच बदललं. सिनेमात थांबलेल्या बऱ्याच कलाकारांनी तेव्हा मालिकांचा रस्ता धरला. मयूरीनेही 'नर्गिस', 'डॉलर बहू', 'किटी पार्टी' अशा मालिका केल्या. करिश्मा कपूरची टीव्हीवरची पहिली मालिका 'करिश्मा' आली, तेव्हा तीही त्यात होती, करिश्माच्या मुलीच्या भूमिकेत.

'डॉलर बहू' ही मालिका सुधा मूर्ती यांच्या कादंबरीवरची. अमेरिकेतली सून आणि डॉलरच्या मोहात पडलेलं घर हा तिचा विषय. योगायोग असा की, २००३ च्या अखेरीस मयूरीचं लग्न झालं आणि ती स्वतःच न्यूयॉर्कला गेली. लग्न झालं ते मात्र इथे, आपल्या शहरातच.

बहुतेक अभिनेत्रींच्या गोष्टीत इथे पूर्णविराम येतो. 'लग्न करून परदेशी स्थायिक झाली', एवढं एक वाक्य आणि विषय बंद. मयूरीच्या बाबतीत खरं काम इथून सुरू झालं.

पुन्हा वर्गात

न्यूयॉर्कमध्ये तिने एमबीए करायचं ठरवलं. कॉलेज होतं बरूक, मॅनहॅटनमधलं. हे न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाचं कॉलेज. तिथल्या झिकलिन स्कूल ऑफ बिझनेसमधून तिने मार्केटिंग आणि फायनान्स हे विषय घेऊन २००७ मध्ये एमबीए पूर्ण केलं.

तिला बारावीनंतर आयआयटी कानपूरला प्रवेश मिळाला होता आणि सिनेमासाठी तिने तो सोडला, असं तिच्यावरच्या बहुतेक लेखांमध्ये येतं. व्हायरल पोस्टना ही ओळ फार आवडते, कारण त्यातून 'मुळातच हुशार होती हो' असं म्हणून मोकळं होता येतं. पण जरा विचार करा. बारावी होऊन जवळपास दहा वर्षं उलटलेली. मधल्या काळात अभ्यासाचा संबंध तुटलेला. देश नवा, वर्गातली मुलं वेगळी, आणि तिथे कुणीही तुमचं गाणं ऐकलेलं नाही. अशा वेळी जुनी हुशारी एका मर्यादेपर्यंतच पुरते. पहिल्या बाकावर जाऊन पुन्हा बसावंच लागतं.

तिने निवडलेली वेळही महत्त्वाची ठरली. २००६ मध्ये गुगलने यूट्यूब विकत घेतलं. २००७ मध्ये आयफोन आला, त्याच वर्षी फेसबुकने जाहिरातींची मोठी यंत्रणा सुरू केली. म्हणजे पेपर आणि टीव्हीच्या जाहिरातींचा पैसा इंटरनेटकडे वळायला लागला होता, आणि हे काम येणारी माणसं कमी होती. मयूरी नेमकी त्या क्षेत्रात शिरली. ३६०आय, डिजिटास, झेनिथ या जाहिरात क्षेत्रातल्या एजन्सींमध्ये तिने काम केलं.

हे काम असतं तरी काय?

'डिजिटल मार्केटिंग' हा शब्द आज गल्लोगल्लीच्या क्लासच्या बोर्डावर असतो. पण मोठ्या एजन्सीत नेमकं काय चालतं ते एका उदाहरणावरून बघू.

समजा, वेरूळच्या लेण्यांजवळ तुमचं हॉटेल आहे. पुण्यातला एक माणूस गुगलवर 'वेरूळजवळ हॉटेल' असं टाइप करतो. निकालांच्या वर काही जाहिराती दिसतात. त्या जागेसाठी त्या क्षणी चक्क लिलाव होतो. तुम्ही म्हणता, माझ्या जाहिरातीवर क्लिक झालं तर मी २० रुपयांपर्यंत देईन. शेजारचा म्हणतो, मी ३० देईन. पण जागा नेहमी ३० वाल्यालाच मिळते असं नाही. तुमची जाहिरात शोधणाऱ्याच्या कामाची आहे का, क्लिक केल्यावर उघडणारं पान नीट आहे का, हेही गुगल बघतं. तुमचं पान चांगलं असेल तर २० रुपयांतही तुम्ही वर येऊ शकता.

आता हिशेब. तुम्ही महिन्याला १० हजार रुपये खर्च केले. क्लिक आले ५००. म्हणजे एका क्लिकला २० रुपये. त्यातून खोल्या बुक झाल्या २५. म्हणजे एका बुकिंगमागे जाहिरातीचा खर्च ४०० रुपये. आता एका बुकिंगमधून तुम्हाला ४०० पेक्षा जास्त सुटतात की कमी, यावर पुढच्या महिन्यात जाहिरात करायची की नाही हे ठरतं.

टीव्हीवरच्या जाहिरातीत असा हिशेब लागत नाही. तिथे किती लोकांनी बघितली याचा अंदाज असतो, पण ती बघून साबण कुणी घेतला हे कळत नाही. इथे प्रत्येक रुपया कुठे गेला ते दिसतं. याला म्हणतात परफॉर्मन्स मार्केटिंग. एक हॉटेल असेल तर हे काम एक माणूस करतो. पण बँक, विमा कंपनी, मोटार कंपनी असेल तर हजारो शब्दांवर, कोट्यवधी रुपयांचे हे लिलाव रोज चालतात आणि ते सांभाळायला एजन्सी लागते.

भारतात परतल्यावर मयूरी अशाच एजन्सीची मॅनेजिंग डायरेक्टर झाली. परफॉर्मिक्स रिझल्ट्रिक्स हे तिचं नाव. ही पब्लिसिस समूहातली कंपनी. पब्लिसिस म्हणजे १९२६ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेला, आज जगातल्या सगळ्यात मोठ्या जाहिरात समूहांपैकी एक. ती भारतात या क्षेत्रात असतानाच सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि इंटरनेटवरच्या जाहिराती गावागावांतल्या मोबाईलपर्यंत पोहोचल्या.

मग ती गुगलची 'बॉस' होती का?

२०१९ च्या एप्रिलमध्ये बातमी आली की मयूरी कांगो गुगल इंडियात गेली. सगळी रील्स या बातमीतून निघालेली आहेत.

तिचं पद होतं 'इंडस्ट्री हेड'. या 'हेड' शब्दाने घोळ केला. गुगलमध्ये प्रत्येक क्षेत्रासाठी किंवा भागीदारांच्या गटासाठी असे प्रमुख असतात. मयूरीकडे काम होतं जाहिरात एजन्सींसोबतच्या भागीदारीचं. म्हणजे आधी ती एजन्सीच्या बाजूने गुगलशी बोलायची, आता गुगलच्या बाजूने एजन्सींशी. पद मोठंच, जबाबदारीही मोठी. पण गुगल इंडियाचा प्रमुख वेगळा असतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या पदावर संजय गुप्ता यांचं नाव जाहीर झालं होतं.

म्हणजे 'गुगल इंडियाची बॉस' हे चूक. 'गुगल इंडियातली वरिष्ठ अधिकारी' हे बरोबर. ऐकायला थोडं कमी वाटतं, पण खरं तर यात कमी काहीच नाही.

२०२५ मध्ये तिने गुगल सोडलं आणि ती पुन्हा पब्लिसिस समूहात गेली. यावेळी पब्लिसिस ग्लोबल डिलिव्हरी या विभागाची भारतातली सीईओ म्हणून. समूहाच्या जगभरच्या ग्राहकांचं काम भारतात बसून करणारा हा विभाग. रील बनवणाऱ्यांना 'बॉस' म्हणायचंच असेल, तर आता खुशाल म्हणा!

ती 'उद्योजिका' आहे का?

काही पोस्टमध्ये मयूरीला 'अभिनेत्री ते उद्योजिका' असंही म्हटलं जातं. इथे थोडं थांबू, कारण हे दोन वेगळे रस्ते आहेत.

पहिला रस्ता स्वतःच्या नावाचा आणि चेहऱ्याचा. कतरिना कैफने २०१९ मध्ये नायकासोबत 'के ब्युटी' हा मेकअपचा ब्रँड आणला. दीपिका पदुकोणने २०२२ मध्ये '८२°ई' आणला. आपली माधुरी दीक्षित ऑनलाइन नृत्यशाळा चालवते. या सगळ्यांकडे एक मोठं भांडवल आधीपासून आहे, ते म्हणजे लोकांची ओळख. ते असताना धंदा सोपा होतो असं नाही, पण पहिलं गिऱ्हाईक शोधायला वणवण करावी लागत नाही.

या रस्त्यावरचं आपलं सगळ्यात जुनं नाव म्हणजे दुर्गा खोटे. 'अयोध्येचा राजा' (१९३२) करणाऱ्या दुर्गाबाई. ऐन तारुण्यात पती गेले, पदरी दोन मुलं. त्यांनी सिनेमात काम केलंच, पण १९३७ मध्ये 'साथी' हा सिनेमा स्वतः काढला. पुढे माहितीपट आणि जाहिरातपटांची कंपनी उभी केली. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली 'वागले की दुनिया' त्यांच्याच दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. म्हणजे जाहिरातींच्या धंद्यात उतरलेली मयूरी ही काही पहिली मराठी अभिनेत्री नव्हे. दुर्गाबाई तिच्या कितीतरी आधी तिथे पोहोचल्या होत्या, आणि त्यांनी कंपनी स्वतः काढली होती.

मयूरीचा रस्ता दुसरा. तिने कंपनी काढली नाही, नोकरी केली. आणि त्या नोकरीत तिचा चेहरा फारसा उपयोगाचा नव्हता. न्यूयॉर्कच्या ऑफिसमध्ये एका क्लिकला किती पैसे पडले हे विचारणाऱ्या माणसाला तुम्ही कधीकाळी हिरोईन होता याच्याशी काय देणंघेणं? तेव्हा उद्योजिका नाही, व्यावसायिक अधिकारी हा शब्द तिला जास्त शोभतो.

यात आपल्यासाठी काय आहे?

रीलची गोष्ट साधारण अशी असते की, बॉलीवूडने नाकारलं आणि तिने गुगल गाठून बदला घेतला. ऐकायला भारी. पण वर्षं मांडली की चित्र वेगळं दिसतं. 'पापा कहते है' १९९६ चा, गुगलची नोकरी २०१९ ची. मध्ये तेवीस वर्षं आहेत. त्यात न चाललेले सिनेमे आहेत, मालिका आहेत, एमबीएची परीक्षा आहे, परक्या शहरातल्या नोकऱ्या आहेत, परत येऊन नव्याने बसवलेली घडी आहे. यातलं काहीच तीस सेकंदांत मावत नाही.

आणखी एक गोष्ट. तिला सगळं सोपं होतं असं नाही, पण काही गोष्टी तिच्या बाजूने होत्या हेही मान्य करायला हवं. शिकलेलं, मुलीला सिनेमात जाऊ देणारं घर होतं. परदेशात जाऊन शिकण्याची सोय झाली. हे प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही. म्हणून 'तिला जमलं, तुला का नाही?' असं कुणाला ऐकवण्यासाठी ही गोष्ट वापरू नये.

पण एक प्रश्न आपल्या शहरातल्या मुलींच्या डोक्यात असतोच. कुणी स्पर्धा परीक्षेची पाच वर्षं घालवलेली असतात, कुणी लग्नानंतर नोकरी सोडलेली असते, कुणी पुण्या-मुंबईला जाऊन नाटक-सिनेमात नशीब आजमावून परत आलेली असते. आणि घरात कुणीतरी म्हणतं, "आता या वयात नवीन काय शिकणार?" त्यावर ठेवायला हे एक उदाहरण आहे. एमबीए झालं तेव्हा तिच्या पहिल्या सिनेमाला बारा वर्षं झाली होती.

तर पुढच्या वेळी ते रील समोर आलं की गाणं जरूर ऐका. जमलं तर कधीतरी 'नसीम'ही बघा. आणि 'गुगलची बॉस' लिहिलेलं दिसलं तर खाली कमेंटमध्ये दुरुस्ती टाका. सोबत 'ही आपल्या औरंगाबादची' हेही लिहायला विसरू नका, कारण तेवढं मात्र खरं आहे.